पैसे न भरता ऑनलाइन पोकर शिकायचंय? मग आधी "फुकट" म्हणजे काय ते पाहू

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, पैसे लावून खेळायचे पोकर-रमीचे मोठे ॲप एकामागून एक बंद पडले, आणि तेव्हापासून नागपुरात एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येऊन राहिला. हॉस्टेलची पोरं विचारतात, मिहानमध्ये जॉबला असलेले विचारतात, त्यांचे आईवडीलही विचारतात. पैशाचे ॲप जर बंद झाले तर "डिपॉझिट नको, फुकट सुरू करा" म्हणून ज्या जाहिराती अजूनही टेलिग्रामवर अन् इन्स्टावर फिरतात त्या कशाच्या? ते कायद्यात बसतं का? आणि ज्याला खरंच हा खेळ शिकायचाय, खिशातला एक रुपया न काढता, त्याने कुठून सुरू करायचं?

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे घोळ नको. पोकर शिकण्यासारखा खेळ आहे, डोकं लावायला लावणारा आहे, आणि तो पूर्ण फुकटात शिकता येतो. पण "फुकट" ह्या एका पाटीखाली दोन वेगळे धंदे चालतात. एकात पैसा येतही नाही आणि जातही नाही, नुसत्या खोट्या चिप. दुसऱ्यात आज पैसे मागत नाहीत कारण उद्या मागायचे असतात. ह्या दोघांतला फरक दारातच ओळखता आला तर बाकीचं सगळं सोपं आहे, म्हणून हा लेख जरा लांबला तरी पूर्ण वाचा.

## तीन पत्ती येते ना? मग अर्धं काम झालं

आपल्याकडे पोळ्याला, दिवाळीला पत्ते निघतातच, त्यामुळे ट्रेल, सिक्वेन्स, कलर, पेअर हे शब्द घराघरात माहीत आहेत. पोकरमध्ये हेच सगळं पाच पत्त्यांवर चालतं. सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सास होल्डेम. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात, मग टेबलाच्या मध्ये पाच पत्ते उघडतात, आधी तीन एकदम (त्याला फ्लॉप म्हणतात), मग एक (टर्न), मग शेवटचा एक (रिव्हर). हे मधले पाच सगळ्यांचे सामायिक. तुमचे दोन आणि हे पाच, अशा सातांतून ज्याचा पाच पत्त्यांचा सेट सगळ्यात भारी तो जिंकला. प्रत्येक टप्प्यावर चाल होते, चाल नाही परवडली तर पत्ते टाकून द्यायचे, त्याला फोल्ड म्हणतात, आणि मध्ये जमलेल्या सगळ्या चिप म्हणजे पॉट. सुरुवातीला दोन भिडूंना पत्ते बघायच्या आधीच सक्तीने थोड्या चिप टाकाव्या लागतात, त्या ब्लाइंड. तीन पत्तीतल्या ब्लाइंड खेळण्याशी त्याचा काही संबंध नाही.

आता तीन पत्तीवाला इथे हमखास गंडतो ती जागा. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरला मारतो. पोकरमध्ये उलटं, कलर (म्हणजे फ्लश) सिक्वेन्सला (म्हणजे स्ट्रेटला) मारतो. लोकांना वाटते हे नियम कोणी मनाला येईल तसे लिहिले, पण ह्यामागे निव्वळ मोजणी आहे. 52 पत्त्यांतून तीन पत्ते उचलायचे 22,100 प्रकार होतात, त्यात साधे सिक्वेन्स 720 आणि साधे कलर 1,096, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून तो भारी. पाच पत्ते उचलायचे प्रकार होतात 25,98,960, त्यात स्ट्रेट 10,200 आणि फ्लश फक्त 5,108, म्हणजे आता फ्लश दुर्मीळ झाला, म्हणून तो भारी. जे कमी वेळा येते ते मोठं, पोकरची सगळी उतरंड ह्याच एका तत्त्वावर उभी आहे. (तीन पत्तीत मात्र हे तत्त्व एका जागी मोडलंय. ट्रेल 52 प्रकारे लागते आणि प्युअर सिक्वेन्स 48 प्रकारे, तरी ट्रेल वर ठेवलीय. मोजून बघा कधी.)

पूर्ण उतरंड वरून खाली अशी: एकाच रंगाचा सिक्वेन्स, मग चार एकसारखे, मग तीन एकसारखे आणि जोडीला एक पेअर म्हणजे फुल हाउस, मग फ्लश, स्ट्रेट, तीन एकसारखे, दोन पेअर, एक पेअर, आणि काहीच नाही तर सगळ्यात मोठा पत्ता. हे पाठ व्हायला एक संध्याकाळ पुरते.

## खरा खेळ कुठे आहे: एक डाव जवळून पाहू

नुसते पत्ते ओळखता येणं म्हणजे पोकर नाही. समजा तुमच्या हातात बदामचा एक्का आणि बदामची नव्वी आली. फ्लॉप उघडला: बदामचा राजा, बदामची चौकी, किलवरची सत्ती. चार बदाम झाले, पाचवं पडलं की फ्लश, आणि एक्का तुमच्याकडे असल्यामुळे फ्लशमध्ये सगळ्यात मोठा तुमचाच. पॉटमध्ये 60 चिप आहेत, समोरच्याने 30 लावले. आता तुम्ही 30 टाकायचे की पत्ते फेकायचे?

नवखा माणूस इथे म्हणतो "बदाम येईल असं वाटून राहिलं" आणि टाकतो. शिकलेला माणूस मोजतो. बदाम एकूण 13, चार दिसले, उरले 9. न दिसलेले पत्ते 47. म्हणजे पुढच्याच पत्त्याला बदाम पडायची शक्यता 47 पैकी 9, साधारण 19 टक्के. टर्न आणि रिव्हर दोन्ही बघायला मिळाले तर साधारण 35 टक्के. (तोंडी करायला सोपी युक्ती आहे, उपयोगी पत्ते गुणिले 2 म्हणजे एका पत्त्याची टक्केवारी, गुणिले 4 म्हणजे दोन पत्त्यांची. 9 चं 18 आणि 36 येते, जवळपास बरोबर.)

आता दुसरी बाजू, किंमत. तुम्ही 30 टाकले तर पॉट 120 होतो, त्यात तुमचा हिस्सा 30, म्हणजे चौथा भाग. चारातून एकदा जरी जिंकलात तर बरोबरीत सुटता. तेव्हा तुम्हाला 25 टक्के शक्यता पाहिजे. ह्याला पॉट ऑड्स म्हणतात.

समोरच्याने त्याच्याजवळच्या सगळ्या चिप लावल्या असतील (ह्याला ऑल-इन म्हणतात), तर पुढे चालच नाही, दोन्ही पत्ते फुकट बघायला मिळतात, 35 टक्के आहे आणि 25 लागतात, डोळे झाकून कॉल, म्हणजे त्याने लावले तेवढेच आपणही टाकायचे. पण त्याच्यापुढे अजून चिपचा ढीग असेल तर टर्नवर तो पुन्हा लावणार, म्हणजे आत्ताच्या 30 मध्ये तुम्ही एकच पत्ता विकत घेऊन राहिले, त्याची शक्यता 19, लागतात 25. नुसत्या आकड्यावर हा कॉल तोट्याचा. तो फायद्याचा तेव्हाच होतो जेव्हा बदाम पडल्यावर समोरचा अजून चिप देईल अशी तुम्हाला खात्री असते. आणि ही खात्री कुठून येते? तो माणूस मागच्या डावांत कसा खेळला ते पाहून. म्हणजे एकाच निर्णयात गणित आहे, आठवण आहे, अन् माणूस ओळखणं आहे. मला हा खेळ आवडतो तो ह्याच्यासाठी, आणि ह्यातलं काहीही शिकायला बँक खातं लागत नाही.

## मग कंपन्या फुकट पैसे काहून देत होत्या?

कारण पोकरमध्ये कंपनी तुमच्याविरुद्ध खेळत नाही. भिडू एकमेकांचे पैसे जिंकतात आणि कंपनी प्रत्येक पॉटमधून थोडा कट घेते, सहसा 5 टक्क्यांच्या आसपास, त्याला रेक म्हणतात. टेबलावर जेवढे पैसे आले त्यातून रेक बाहेर जातो, म्हणजे सगळ्या भिडूंची बेरीज कायम उणे. काही थोडे लोक कमावतात, बाकीचे गमावतात, आणि गमावणारे कंटाळून जातात. टेबल भरलेलं राहावं तर रोज नवीन माणूस लागतो. त्या नवीन माणसाला आत आणायचा खर्च म्हणजे फुकट ऑफर.

ह्या ऑफर तीन तऱ्हेच्या. फ्रीरोल म्हणजे प्रवेश फी नसलेली स्पर्धा, बक्षीस मात्र खरं. हजारो लोक घुसतात, बक्षीस थोडं, तासन्तास बसावं लागते. सॅटेलाइट म्हणजे छोटी स्पर्धा जिंकून मोठ्या स्पर्धेचं तिकीट मिळवायचं. आणि नो डिपॉझिट बोनस म्हणजे खातं उघडलं की काही रक्कम आधीच दिसते.

पोकरच्या जगातल्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टी ह्याच दारातून आल्या. 2003 मध्ये अमेरिकेतल्या ख्रिस मनीमेकर नावाच्या अकाउंटंटने 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून लास वेगासच्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचं तिकीट मिळवलं, 839 जणांत पहिला आला, 25 लाख डॉलर जिंकला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेला 2,576 लोक आले आणि 2006 ला 8,773. नॉर्वेची अॅनेट ओब्रेस्टाड फ्रीरोलमधून सुरू झाली आणि 2007 मध्ये, एकोणीस पूर्ण व्हायच्या आदल्या दिवशी, लंडनची मोठी स्पर्धा जिंकून 10 लाख पौंड घेऊन गेली. ह्या गोष्टी खऱ्या आहेत. पण त्या सांगणारा नेहमी विजेत्याचं नाव सांगतो. 2003 ला तिथे 838 जण हरले होते, आणि त्याआधीच्या सॅटेलाइटमध्ये किती जण गळले त्यांची तर कोणी गोष्टही सांगत नाही.

त्यापेक्षा ख्रिस फर्ग्युसनचं उदाहरण मला जास्त शिकवून गेलं. हा 2000 सालचा जगज्जेता. 2006 मध्ये त्याने ठरवलं की शून्य डॉलरपासून, एक पैसा न भरता, फ्रीरोलपासून सुरू करून 10,000 डॉलर करायचे. केले त्याने, पण दीड वर्षाच्या आसपास लागलं, आणि सुरुवातीचे कितीतरी महिने त्याच्या खात्यात जेमतेम काही डॉलर होते, ते पुन्हा पुन्हा शून्यावर यायचे. जगज्जेत्याची ही गत. आणि ज्या साइटवर त्याने हे केलं, फुल टिल्ट, ज्याच्या मालकांत तो स्वतः होता, तिच्यावर 15 एप्रिल 2011 ला अमेरिकन सरकारने कारवाई केली, त्यानंतर कळलं की खेळाडूंचे पैसे कंपनीने वेगळे ठेवलेच नव्हते. अमेरिकन खेळाडूंना ते परत मिळायला 2014 उजाडलं. स्क्रीनवर दिसणारा बॅलन्स हा तुमचा पैसा नसतो, कंपनीने दिलेलं वचन असते, हे तेव्हा सगळ्या जगाला कळलं.

## बोनसची बारीक अक्षरं

समजा एखादी साइट म्हणते 500 रुपये फुकट घ्या. खाली बारीक अक्षरात अट असते की 20 पट खेळल्याशिवाय काढता येणार नाहीत. म्हणजे 10,000 रुपयांच्या चाली करायच्या, आणि प्रत्येक चालीत थोडं थोडं झिजत जाते, तोवर 500 बहुतेक संपलेले असतात. त्यातून कोणी टिकलाच तर दुसरी अट निघते, काढायच्या आधी निदान एकदा डिपॉझिट करा. मग तिसरी, पॅन-आधारचे फोटो आणि बँक खातं द्या. म्हणजे ज्याला पैसे न भरता सुरू करायचं होतं त्याने शेवटी पैसेही भरले आणि कागदपत्रंही दिली.

आणि ही झाली जरा बऱ्या साइटची गोष्ट. 2023 च्या जुलैमध्ये नागपूरच्याच एका व्यापाऱ्याची तक्रार देशभर गाजली होती, पोकरची नव्हती पण साचा तोच. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून ऑनलाइन जुगाराचं खातं उघडलं, सुरुवातीला जिंकत गेला, तक्रारीनुसार जिंकले साधारण 5 कोटी आणि घालवले 58 कोटी. गोंदियात धाड पडली, कोट्यवधींची रोकड अन् सोनं सापडलं. सुरुवातीला मिळणारी जीत ही अशा ठिकाणी नशिबाची नसते, ते आमिष असते, कारण निकालच त्यांच्या हातात असू शकतो.

## 2025 च्या कायद्याने नेमकं काय बंद केलं?

ह्या कायद्याचं नाव ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन कायदा, 2025. लोकसभेत 20 ऑगस्टला, राज्यसभेत 21 ला मंजूर झाला, 22 ला राष्ट्रपतींची सही झाली. ह्यात ऑनलाइन खेळांचे तीन कप्पे केलेत. ई-स्पोर्ट्स, सोशल गेम आणि मनी गेम. पहिल्या दोघांना परवानगी, तिसऱ्याला पूर्ण बंदी.

मनी गेम म्हणजे ज्यात खेळणारा फी किंवा डिपॉझिट किंवा दुसरं काही मोलाचं लावतो, आणि त्या बदल्यात पैसे किंवा तसाच लाभ मिळेल ह्या आशेने खेळतो. इथे सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की खेळ कौशल्याचा आहे की नशिबाचा हा वाद कायद्याने बाजूलाच सारला. ह्याच्या आधी सगळी भांडणं त्यावर व्हायची. 1968 मध्ये सुप्रीम कोर्टाने रमी मुख्यतः कौशल्याची म्हटली, आपल्याकडच्या 1887 च्या जुगार कायद्यातही निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, आणि पोकरवाले तोच आधार घ्यायचे. आता ऑनलाइनला पैसा लागला की बंदी, कौशल्य असो की नसो. ह्याविरुद्ध कंपन्या कोर्टात गेल्या आहेत, पण कोर्टातलं भांडण वेगळं आणि आज तुमच्या मोबाइलवर काय करायचं ते वेगळं.

शिक्षा कोणाला? असा खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत आणि 50 लाखांपर्यंत, म्हणजे रील टाकून "लिंक बायोमध्ये" म्हणणारा इन्फ्लुएन्सरही त्यात येतो. त्या पैशाचा व्यवहार करून देणारी बँक किंवा पेमेंट कंपनीही अडकते. नुसत्या खेळणाऱ्याला ह्या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही.

## "पण ती साइट तर बाहेरच्या देशातली आहे"

हा आक्षेप मला सगळ्यात जास्त वेळा ऐकायला येतो, आणि लोक व्हीपीएन (आपण कुठून नेट वापरतो ते लपवणारं ॲप) लावून मोकळे होतात. कायदा भारताबाहेरून चालणाऱ्या पण भारतात सेवा देणाऱ्या साइटनाही लागू आहे, सरकार त्या ब्लॉक करू शकते. पण कायद्याचं राहू द्या बाजूला. व्यवहाराचा विचार करा. तिथे पैसे जायचा रस्ता काय? कोणा अनोळखी माणसाच्या यूपीआयवर, रोज बदलणाऱ्या क्यूआर कोडवर. जिंकले तरी पैसे येणार अशाच कोणाच्या खात्यातून, आणि ते खातं फसवणुकीच्या तक्रारीत असलं की तपासात तुमचंही खातं गोठवलं जाऊ शकते. मग पगार अडकला, घरभाडं अडकलं, आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याला मेल लिहीत बसा. त्याहून वाईट म्हणजे काही पोरांना सांगतात की पैसे नको लावू, फक्त तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला एवढे एवढे देऊ. डिपॉझिट नाही, खेळायचंही नाही, घरबसल्या कमाई. भाऊ, ते खातं चोरीचा पैसा फिरवायला लागते आणि पकडला जातो तो खातेदार. कोणी कितीही ओळखीचा असो, खातं, सिम, एटीएम कार्ड देऊ नका.

दारात ओळखायची खूण एकच ठेवा. खेळ खरंच फुकट असेल तर त्याला तुमचं बँक खातं, पॅन, आधार ह्यातलं काहीच लागत नाही, कारण तिथून कधी पैसे बाहेर जायचेच नसतात. जिथे हे मागितलं तिथून बाहेर.

## मग फुकट शिकायचं कुठे?

खोट्या चिपवर चालणारे पोकर ॲप जगभर आहेत, झिंगा पोकर तर 2007 पासून आहे. चिप रोज थोड्या फुकट मिळतात, त्यांचे पैसे कधीच करता येत नाहीत, म्हणून हे सोशल गेमच्या कप्प्यात बसते. एक काळजी घ्या, हे ॲपसुद्धा चिप विकतात, संपल्या की लगेच ऑफर उडी मारून येते. फोनमध्ये खरेदीला पासवर्ड लावून टाका, विशेषतः फोन घरातल्या लेकरांच्या हातात जात असेल तर.

अभ्यासाचं म्हणाल तर अमेरिकेच्या एमआयटी विद्यापीठाने पोकरच्या सिद्धांताचा एक पूर्ण कोर्स व्हिडिओसकट फुकट नेटवर ठेवलाय. दोन हात टाकले की कोण किती टक्के जिंकेल ते सांगणारे कॅल्क्युलेटरही फुकट मिळतात, वर दिलेला बदामचा डाव त्यात टाकून बघा.

आणि सगळ्यात चांगलं म्हणजे घरी चार मित्र, एक कॅट, अन् शर्टाची बटणं किंवा चिंचोके. प्रत्येकाला 100 द्यायचे, ब्लाइंड 1 आणि 2, पैसे लावायचे नाहीत. समोरचा माणूस कधी घाई करतो, कधी उगाच पत्ते पुन्हा उचलून बघतो, हे स्क्रीनवर दिसत नाही, इथे दिसते.

## "खोट्या चिपवर काय डोंबल शिकणार? तिथे तर सगळेच ऑल-इन करतात"

आक्षेप अर्धा खरा आहे. रविवारी सकाळी रेशीमबागच्या रिकाम्या मैदानावर गाडी शिकली की क्लच-ब्रेक हाताला बसतात, पण संध्याकाळचं बर्डीचं ट्रॅफिक तिथे शिकायला मिळत नाही, तसंच हे. हातांची उतरंड, टक्केवारी, कोणत्या जागेवर बसून काय खेळायचं, हे सगळं खोट्या चिपवर पक्कं होते. समोरच्याला घाबरवून फोल्ड करायला लावणं, म्हणजे ब्लफ, ते मात्र तिथे शिकता येत नाही, कारण ज्याला गमवायला काही नाही तो फोल्ड कशाला करेल.

म्हणून तिथे शिस्त स्वतःच आणावी लागते. फर्ग्युसनने त्याच्या प्रयोगात एक नियम पाळला होता, कुठल्याही टेबलावर जवळच्या एकूण रकमेच्या 5 टक्क्यांपेक्षा जास्त घेऊन बसायचं नाही. तो नियम खोट्या चिपलाही लावा. 20,000 चिप असतील तर 1,000 घेऊनच बसा, त्या गेल्या की त्या दिवशीचं बंद. आणि सुरुवातीचे दोन पत्ते निवडून खेळा. दोन पत्त्यांच्या 1,326 जोड्या होतात, दोन्ही पत्ते एकाच रंगाचे की वेगळ्या, रंगाचा एवढाच फरक धरला तर 169 तऱ्हा. नवख्याने त्यातल्या वरच्या पंधरा-वीस टक्केच खेळाव्यात, मोठ्या पेअर, एक्का-राजा, एक्का-राणी असल्या, बाकीचं फेकायचं. फेकणं हेच सगळ्यात जड जाते सुरुवातीला, कंटाळा येतो, पण त्याच वेळात बाकीचे कसे खेळून राहिले ते बघायचं असते. बसून झालं की ज्या दोन-तीन डावांत अडखळलात ते वहीत लिहा, पत्ते, पॉट, किती लावायचे होते, आणि टक्केवारी काढा. मला विचाराल तर शंभर डाव घाईत खेळण्यापेक्षा असे तीन डाव लिहिलेले बरे.

## "सगळं सेटिंग असते, माझे दोन एक्के दर वेळी हरतात"

ज्या साइटवर कोणाचंच नियंत्रण नाही तिथे सेटिंग असूही शकते, ते वर सांगितलंच. पण खोट्या चिपच्या टेबलावर एक्के हरतात त्याचं कारण बहुतेक वेळा साधं आहे. दोन एक्के सरासरी 221 डावांत एकदा येतात. समोर एकच माणूस कुठलेही पत्ते घेऊन असेल तर ते साधारण 85 टक्के जिंकतात. पण पाच जण आत आले तर हाच आकडा जेमतेम 49 वर येतो, म्हणजे निम्म्यापेक्षा जास्त वेळा जगातले सगळ्यात चांगले दोन पत्ते हरणार, आणि फुकटच्या टेबलावर पाच जण येतातच. त्यात ऑनलाइन डाव भराभर होतात, घरी तासाला पंचवीस-तीस होतात तर ऑनलाइन त्याच्या दुपटीहून जास्त, म्हणून वाईट डावही तेवढेच जास्त दिसतात, आणि माणूस जिंकलेले विसरतो, हरलेले लक्षात ठेवतो. उपाय साधा, एक्के आले की आधीच मोठी चाल करून गर्दी कमी करायची.

## कौशल्य आहे तर मग कमाई का नाही करायची?

कौशल्य आहेच. जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्राटस नावाच्या प्रोग्रॅमने चार मुरलेल्या व्यावसायिक खेळाडूंना हरवलं, आणि 2019 मध्ये तिथूनच आलेल्या प्लुरिबसने सहा जणांच्या टेबलावर तेच केलं. नुसतं नशीब असतं तर हे झालंच नसतं. पण लिब्राटसची ती मॅच किती डावांची होती बघा, 1,20,000. कौशल्याचा फरक ठळक दिसायला इतके डाव लागतात, आणि आठवड्याभराच्या खेळात नशीबच बोलते. म्हणून एखाद्या महिन्यात जिंकलेला पोरगा स्वतःला खेळाडू समजायला लागतो, नोकरी सोडायच्या गोष्टी करतो, आणि हे मी पाहून राहिलो म्हणून इतकं कळकळीने लिहितोय. दुसरं म्हणजे असले प्रोग्रॅम आज बाहेर आहेत, चोरट्या साइटवर समोर बसलेला "राहुल777" माणूस आहे की मशीन हे कळायला मार्ग नाही. आणि भारतात आज ऑनलाइन पैसे लावून खेळायचा सरळ रस्ताच नाही, तेव्हा कमाईचा विचार करून पोकर शिकायला बसू नका. शक्यता मोजणं, अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणं, हरल्यावर डोकं शांत ठेवणं, हे ज्याला पाहिजे त्याने जरूर शिकावं.

## घरात कोणी आधीच अडकलं असेल तर

आईवडलांसाठी हे वेगळं लिहितो. पोरगा रात्रभर फोनवर आहे, यूपीआयचे मेसेज डिलीट करतो, लोन ॲपचे फोन येऊन राहिले, मित्रांकडून उसने घेतोय, तर ओरडायच्या आधी बसून विचारा, आणि त्याला पहिले हे सांगा की खेळल्याबद्दल ह्या कायद्यात त्याला शिक्षा नाही. पोरं पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात आणि गेलेले परत मिळवायला अजून भरत जातात, सगळ्यात मोठं नुकसान तिथे होते. (मात्र खातं कोणाला वापरायला दिलं असेल तर ती बाब वेगळी, मग आधी वकिलाला भेटा.)

फसवणूक झाली असेल तर लगेच 1930 वर फोन करा, हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबर आहे, जितक्या लवकर फोन तितकी पैसे मध्येच थांबायची शक्यता जास्त, त्यासोबतच बँकेला कळवा. सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर ऑनलाइन तक्रारही करता येते. खेळणं सुटतच नसेल, झोप उडाली असेल, तर टेलिमानसचा 14416 नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. आणि रागाच्या भरात ॲप डिलीट करू नका. आधी बॅलन्सचे, चॅटचे, क्यूआर कोडचे स्क्रीनशॉट काढा, प्रत्येक व्यवहाराचा यूपीआय नंबर तारखेसकट एका कागदावर लिहा, बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा. तक्रारीच्या वेळी हेच सगळं मागतात.